टोमॅटोचा संकर: आई-बाप निवडण्यापासून बी हातात येईपर्यंत

माझ्या शेतावर पहिल्यांदा केलेल्या संकराचे आई-बाप दोन्ही देखणे होते. ९० ग्रॅमची फळं, जाड गर, भरलेलं झाड. दोघांचं लग्न लावलं की लेकरू दोघांपेक्षा सरस निघणार अशी खात्री होती. निघालं ते हुबेहूब आई-बापांसारखं, एक किलोही जास्त नाही. त्याच हंगामात एका कोपऱ्यात उंच, हडकुळी, ३५ ग्रॅमची फळं देणारी ओळ उभी होती. तिला उपटणारच होतो, पण फुलं भरपूर होती म्हणून सहज दोन घोसांवर क्रॉस करून पाहिला. पुढच्या वर्षी सगळ्या प्लॉटमध्ये तोच संकर वर आला.

पालक ओळ, म्हणजे बी धरलं की पुन्हा तशीच उगवणाऱ्या एकसारख्या झाडांचं घराणं, स्वतः कशी दिसते आणि तिची लेकरं कशी निघतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकर पैदास करायची म्हणजे दुसरी गोष्ट तपासायची. हा लेख त्या तपासणीबद्दल आणि त्यासाठी लागणाऱ्या हातकामाबद्दल आहे. पाच-दहा गुंठे जागा, एक साधं शेडनेट, चिमटा, वही आणि तीन-चार वर्षांची चिकाटी असेल तर हे काम शेतावर होतं.

जास्त उत्पादन येतं कुठून?

झाडाचं उत्पादन म्हणजे फळांची संख्या गुणिले एका फळाचं वजन. समजा, ‘अ’ ओळीला ८० फळं लागतात, प्रत्येकी ३० ग्रॅमची. झाडाला २.४ किलो. ‘ब’ ओळीला २० फळं, प्रत्येकी १२० ग्रॅमची. तेही २.४ किलोच. आता यांचा संकर केला तर फळाचं वजन बरोबर मध्यावर, म्हणजे ७५ ग्रॅमवर येत नाही. टोमॅटोत ते लहान फळाकडे झुकतं आणि साधारण ६० ग्रॅमच्या आसपास थांबतं. संख्या मात्र मधोमध ५० आली, तर ५० गुणिले ६० म्हणजे ३ किलो. दोन्ही पालकांपेक्षा २५ टक्के जास्त, आणि हा नुसता गुणाकार आहे. माझ्या दोन देखण्या ओळींमध्ये असा फरकच नव्हता, म्हणून गुणाकारातून काही निघालं नाही.

संकरजोमाची, म्हणजे लेकरू दोन्ही पालकांपेक्षा सरस निघण्याची, दुसरी कारणंही आहेत. त्यातलं एक मला फार आवडतं. ‘सिंगल फ्लॉवर ट्रस’ नावाच्या जनुकात बिघाड झालेलं झाड अगदी दरिद्री दिसतं, घोसात धड फुलंही येत नाहीत. पण बिघडलेली एक प्रत आणि चांगली एक प्रत असा संकर बुटक्या, आटोपशीर वाढीच्या जातीत केला, तर उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, हे क्रिगर, लिपमन आणि झमीर यांनी २०१० साली दाखवलं. कोपऱ्यातल्या हडकुळ्या ओळीला उपटण्याआधी हे आठवावं.

आधी बाजार आणि हंगाम ठरवा

‘चांगला टोमॅटो’ अशी वस्तू नसते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून फळ शेकडो किलोमीटर जाणार असेल तर कडक फळ, जाड गर आणि घट्ट साल लागते. गावच्या आठवडी बाजारात आंबटगोड, रसाळ फळाला मागणी असते. प्रक्रियेसाठी रंग आणि गर दाट हवा. खरिपात करपा, उन्हाळ्यात पांढरी माशी आणि तिच्याबरोबर येणारा लीफ कर्ल, म्हणजे पर्णगुच्छ. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक, साताऱ्याकडे फळांवर पिवळे-हिरवे पट्टे पडून ज्याला लोकांनी ‘तिरंगा’ म्हटलं, त्या फळांच्या नमुन्यांत एकाहून जास्त विषाणू सापडले होते. एक रोग डोळ्यांपुढे ठेवून केलेली पैदास अशा वर्षी उघडी पडते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: हंगाम कोणता, बाजार कोणता, फळ किती ग्रॅमचं, आणि कोणते दोन रोग सहन झालेच पाहिजेत. गुणांची यादी दहावर गेली की निवड होत नाही. प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या गुणात नापास होतं.

ओळी कुठून मिळवायच्या?

सरळ वाणांपासून सुरुवात करा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास हे सरळ वाण आहेत. त्यांचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं, त्यामुळे ते थेट पालक म्हणून वापरता येतात. त्याच संस्थेचा अर्का रक्षक मात्र संकरित आहे. त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं फुटून वेगवेगळी निघतात.

ही फुटणारी पिढीच नव्या ओळींची खाण असते. एखाद्या संकराच्या दुसऱ्या पिढीची निदान २०० झाडं लावा, त्यातून दहा-बारा निवडा आणि प्रत्येकाचं बी वेगळं ठेवा. पुढच्या पिढीत प्रत्येक झाडाची एक ओळ, तिच्यातली पुन्हा उत्तम दोन-तीन झाडं, असं करत जा. संकरात ज्या जनुकांच्या दोन प्रती वेगवेगळ्या होत्या, त्यातल्या सरासरी ५० टक्के जनुकांच्या प्रती दुसऱ्या पिढीत एकसारख्या झालेल्या असतात, तिसरीत ७५, चौथीत ८७.५, आणि सहावीत जवळपास ९७ टक्के. वर्षाला दोन पिकं घेतली तर तीन वर्षांत ओळ स्थिर होते. घाई करून चौथ्या पिढीतली ओळ पालक म्हणून वापरली की संकराची झाडं एकसारखी निघत नाहीत, आणि दोष नेमका कुठला ते शोधता शोधता वर्ष जातं.

टोमॅटो स्वतःच स्वतःला फळवतो, कारण स्त्रीकेसर परागकोशांच्या नळीत बंद असतो. तरी उन्हाळ्यात काही ओळींचा स्त्रीकेसर नळीबाहेर डोकावतो आणि परका पराग येऊन बसतो. अशा ओळींचे बी धरायचे घोस मलमलच्या पिशवीत बांधून ठेवा.

कायद्याचंही बघून ठेवा. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत वाण संशोधनासाठी आणि नवा वाण तयार करायला सुरुवातीचं साहित्य म्हणून वापरता येतो. पण तोच वाण दर हंगामी पालक म्हणून वापरून व्यापारी बियाणं काढायचं असेल, तर नोंदणीधारकाची परवानगी लागते. आणि बियाणं विकायचं म्हटलं की कृषी विभागाचा परवाना आलाच.

जोडी जुळवताना

पहिला नियम: दोन्ही पालक एकाच घरातले नकोत. एकाच संकरातून काढलेल्या दोन सख्ख्या ओळींचा संकर सहसा थंड निघतो. फळाचा आकार, झाडाची ठेवण, मूळ जात यांत अंतर हवं.

दुसरा नियम जास्त नेमका आहे. जो गुण प्रभावी आहे तो एका पालकात असला तरी पुरतो. जो अप्रभावी आहे तो दोघांत लागतो. आटोपशीर, आपोआप थांबणारी वाढ अप्रभावी आहे. बुटका संकर हवा असेल तर दोन्ही पालक बुटके हवेत, नाहीतर सगळी झाडं बांबूभर वाढतील. देठाला सांधा नसणं, म्हणजे तोडताना देठ झाडावरच राहून फळ मोकळं हातात येणं, हाही अप्रभावी गुण आहे.

रोगप्रतिकारात बरीच महत्त्वाची जनुकं प्रभावी किंवा अर्धप्रभावी आहेत, हे आपलं नशीब. लीफ कर्लसाठी टीवाय-२ हे सोलॅनम हॅब्रोकायटिस या रानटी जातीतून आलेलं जनुक आहे, तर टीवाय-१ आणि टीवाय-३ ही सोलॅनम चिलेन्समधून आलेल्या एकाच जनुकाची दोन रूपं आहेत. एका पालकात टीवाय-२ आणि दुसऱ्यात टीवाय-३ ठेवलं की संकरात दोन्ही येतात. सूत्रकृमींना अडवणारं एमआय जनुक सोलॅनम पेरुव्हियानममधून आलं आहे. ते टीवाय-१ आणि टीवाय-३ प्रमाणेच सहाव्या गुणसूत्रावर बसतं. दोन्ही एकाच ओळीत कोंबणं जिकिरीचं असतं. एक आईकडे, एक बापाकडे ठेवलं तर संकरात दोन्ही सहज मिळतात. मात्र जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की एमआय ढिलं पडतं, त्यामुळे उन्हाळी पिकात एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

आई कोण आणि बाप कोण? उत्पादनात याने सहसा फरक पडत नाही, बियाण्याच्या खर्चात पडतो. आई अशी हवी की जिच्या कळ्या मोठ्या आहेत, फळधारणा चांगली आहे आणि फळात बी भरपूर आहे. लहान फळाच्या ओळीलाही बी चांगलं असतं, पण कळी बारीक असल्याने हात दमतो. बाप भरपूर आणि लांबलेल्या काळात फुलणारा हवा.

शक्य असेल तर आईमध्ये रोपावस्थेतच ओळखू येणारा अप्रभावी गुण ठेवा. जांभळी झाक नसलेलं हिरवंगार खोड हा असा गुण आहे. बटाट्यासारखं पान हा दुसरा. बापाचं खोड जांभळं असेल तर खऱ्या संकराची सगळी रोपं जांभळ्या खोडाची निघतात, आणि जे रोप हिरव्या खोडाचं निघेल ते आईचं स्वतःचंच बी. वाफ्यात दहा दिवसांत शुद्धता कळते. पीक काढून बघायला तीन महिने लागले असते.

क्रॉसिंग: हाताचं काम

बाप ओळ आईपेक्षा दोन-तीन आठवडे आधी पेरा, म्हणजे आईला कळ्या येतील तेव्हा पराग तयार असेल. चार आई झाडांमागे एक बाप झाड पुरतं. हवामान असं निवडा की रात्री १५ ते २० अंश राहतील. दिवसा ३५ च्या वर पारा गेला की परागच निकामी होतो आणि कितीही निगुतीने काम केलं तरी फुलं गळतात. आमच्याकडे त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सोन्यासारखे महिने आहेत.

काम सुरू करायच्या दिवशी आईच्या झाडावरची उमललेली सगळी फुलं आणि लागलेली फळं काढून टाका. पहिला घोस सोडा, दुसऱ्यापासून धरा. एका घोसात चार-पाच कळ्या ठेवून बाकीच्या खुडा.

कळी ओळखणं हाच यातला खरा कसब. पाकळ्या हिरव्या निदलांतून बाहेर डोकावल्या आहेत, रंग हिरवट-पांढरा सोडून फिकट पिवळा होऊ लागला आहे, पण तोंड मिटलेलं आहे, अशी कळी दुसऱ्या दिवशी उमलणार असते. तीच घ्या. गडद पिवळी झाली असेल तर आत पराग सुटलेला असू शकतो, ती फेकून द्या. फार लहान घेतली तर स्त्रीकेसर दुखावतो.

दुपारनंतर बसा. हात साबणाने धुवा, तंबाखू-विडी ओढणाऱ्याने तर दोनदा, कारण त्या हातांतून विषाणू झाडावर जातो. टोकदार चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून घ्या. परागकोशांची पिवळी नळी तळाशी पकडून पाकळ्यांसकट हलकेच वर ओढली की ती एकसंध निघते आणि मधोमध हिरवा, बारीक स्त्रीकेसर उभा राहतो. नळी फाटली किंवा स्त्रीकेसर वाकला तर ती कळी खुडून टाका, दया करू नका. मग निदलांपैकी दोन टोकं कात्रीने कापा. ही खूण फळ पिकेपर्यंत राहते, आणि काढणीच्या वेळी ज्याच्या टोपीची दोन बोटं कापलेली आहेत तेच फळ संकराचं.

पराग सकाळी गोळा करायचा. बापाची नुकती उमललेली फुलं खुडा, नळ्या वेगळ्या करा, कागदावर पसरून ६०-१०० वॅटच्या दिव्याखाली हातभर अंतरावर दिवस-रात्र वाळवा. नळ्या कुरकुरीत झाल्या की बारीक जाळीतून हलवून पिवळी भुकटी गाळून घ्या. खोलीतल्या तापमानाला ती त्याच दिवशी वापरणं बरं. कोरडी ठेवून फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. मी एकदा न वाळवलेला पराग बंद बाटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा गोळा झाला होता, आणि त्या दिवशीच्या सव्वाशे फुलांपैकी एकही धरलं नाही.

परागकोशांची नळी काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी, थंडी जास्त असेल तर तिसऱ्या दिवशी, सकाळी दव उडाल्यावर स्त्रीकेसराचं टोक परागाच्या भुकटीत बुडवा. टोकावर पिवळा ठिपका दिसला की झालं. दुसऱ्या बापाचा पराग हाताळण्याआधी बोटं स्पिरिटने पुसा. पाच-सात दिवसांत स्त्रीकेसराचा बुंधा फुगला तर फळ धरलं.

मोठ्या फळाच्या आईवर ३०, मध्यमवर ४० फळांपेक्षा जास्त धरू नका. झाड सगळ्यांना पोसू शकत नाही आणि बी हलकं पडतं. चाचणीपुरता संकर हवा असेल तर दोन-तीन फळंही पुरतात.

देऊळगाव राजा आणि जालन्याच्या शेडनेटमध्ये हे काम मुख्यतः बायका करतात. चिमटा आणि कळी यांच्यात त्यांच्या हाताची जी नजाकत असते ती कुठल्याही पुस्तकातून येत नाही. शिकायचं असेल तर तिथे जाऊन चार दिवस त्यांच्या शेजारी बसावं, आणि त्या सांगतील तसं करावं.

बी काढणं

परागणापासून ५० ते ६० दिवसांत फळ पिकतं. पूर्ण लाल होऊन मऊ पडू द्या. फळं चिरून बिया रसासकट प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. लोखंडी भांडं नको आणि पाणी मुळीच घालू नका, नाहीतर भांड्यातच मोड फुटतात. ऊन असेल तर एक दिवस, थंडीत दोन दिवस आंबू द्या, मधून मधून ढवळा. बियांभोवतीचा चिकट पापुद्रा सुटला की धुवा. वर तरंगेल ते फोल, तळाशी बसेल ते बी. जाळीवर सावलीत वाळवा, दुपारच्या उन्हात पत्र्यावर टाकाल तर उगवण जाईल. ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया बसतात.

लेकरांवरून आई-बाप पारखणं

सगळ्या मेहनतीचं उत्तर इथे मिळतं. तुमच्याकडे आठ-दहा ओळी असतील तर प्रत्येकीचा प्रत्येकीशी संकर करत बसू नका. दहा ओळींच्या ४५ जोड्या होतात. त्याऐवजी दोन कसोटी-पालक निवडा, एक मोठ्या फळाचा आणि एक भरपूर फळांचा, आणि प्रत्येक ओळ त्या दोघांशी क्रॉस करा.

समजा चार ओळी आणि दोन कसोटी-पालक आहेत. झाडामागे किलो असे आले: ‘अ’ ओळीचे दोन संकर ३.२ आणि ३.४, ‘ब’चे २.६ आणि २.८, ‘क’चे २.५ आणि ३.९, ‘ड’चे २.९ आणि ३.१. आठांची सरासरी ३.०५. ‘अ’ची सरासरी ३.३, म्हणजे ती सर्वसाधारणपेक्षा ०.२५ वर. ‘ब’ ०.३५ खाली. ‘अ’ कोणाशीही जोडा, चांगलीच निघते. हिला सामान्य संयोगक्षमता म्हणतात. अशा ओळी सांभाळून ठेवायच्या, पुढच्या पैदाशीचा पाया त्याच.

‘क’ची गोष्ट वेगळी. तिची सरासरी ३.२, दुसऱ्या कसोटी-पालकाच्या सगळ्या संकरांची सरासरी ३.३. म्हणजे त्यांच्या संकराकडून अपेक्षा ३.०५ अधिक ०.१५ अधिक ०.२५, एकूण ३.४५ ची. आले ३.९. हे जादाचे ०.४५ केवळ त्या जोडीचे, विशिष्ट संयोगक्षमता. बाजारात न्यायचा संकर बहुतेक वेळा इथे सापडतो. पण एकाच हंगामाच्या आकड्यावर नाचू नका. निदान दोन हंगाम, आणि जमलं तर दुसऱ्या गावच्या जमिनीत तोच प्लॉट पुन्हा लावा.

प्लॉट लावताना

तीन ठिकाणी विभागून, प्रत्येक ठिकाणी एका संकराची २० झाडं, क्रम चिठ्ठ्या टाकून. चारी बाजूंनी एक-एक ओळ दुसऱ्याच टोमॅटोची, कारण कडेच्या झाडांना उजेड जास्त मिळून ती खोटं उत्पादन दाखवतात. तुमच्या भागात सगळे लावतात तो संकर तुलनेला हवाच. पालकापेक्षा किती वर, हा अभ्यासाचा आकडा. शेतकऱ्याला बाजारातल्या वाणापेक्षा किती वर ते हवं असतं. समजा बाजारातल्या वाणाला झाडामागे ३.३ किलो आले आणि ‘क’च्या संकराला ३.९, तर ३.९ वजा ३.३, भागिले ३.३, म्हणजे १८ टक्के. दहा टक्क्यांखालच्या फरकासाठी कोणी वाण बदलत नाही, असा माझा अनुभव.

प्रत्येक तोड्याला संख्या आणि वजन दोन्ही लिहा. तडकलेली, उन्हाने भाजलेली, किडकी फळं वेगळी मोजा. तिसऱ्या तोड्यापर्यंत मोठं फळ देणारा संकर सातव्या तोड्याला गोटीएवढ्यावर येतो का ते बघा. बाजार शेवटच्या कॅरेटचा भाव यावरच पाडतो. लागवडीनंतर ३०, ४५ आणि ६० दिवसांनी लीफ कर्लची झाडं मोजा. आणि दहा फळं कॅरेटमध्ये दहा दिवस तशीच ठेवून बोटाने दाबून बघा.

पालकांचं बी जपा

संकर कितीही उत्तम निघाला तरी तुमचं भांडवल म्हणजे त्या दोन ओळी. त्यांचं बी दर तीन वर्षांनी नव्याने वाढवा, १५-२० झाडांवरून, आणि वेगळं दिसणारं झाड फुलण्याआधी उपटा. वाळलेलं बी सिलिका जेलसकट घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, दोन भागांत दोन घरी ठेवा. एका पावसाळ्यात बॉलपेनने लिहिलेली माझी सगळी लेबलं धुऊन गेली आणि १४ क्रॉसचे आई-बाप कोण ते कायमचं हरवलं. तेव्हापासून ओळीचं नाव, पिढी, हंगाम आणि झाडाचा क्रमांक मी पेन्सिलने लिहितो, एक चिठ्ठी डब्यावर आणि एक बियांसोबत आत.